भीती डिलीट होत नाही, ताई

परवा रात्री ताईचा फोन. ‘‘त्याला कुत्र्याबरोबर तासभर खोलीत ठेवून बघू का रे? मेसेजमध्ये तसंच लिहिलंय.’’ भाचा सात वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी कुत्र्याने त्याची पोटरी धरली. जखम कधीच भरली, पण अजून गळपट्ट्याची साखळी वाजली तरी हात घट्ट धरतो.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘मेंदूतली भीती २१ दिवसांत कायमची डिलीट करा.’

पहिलं हे ‘डिलीट’. मेंदू म्हणजे मोबाइल नव्हे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना घंटेपाठोपाठ खाणं मिळायचं, मग नुसत्या घंटेनेही लाळ सुटायला लागली. पुढे घंटा वाजूनही खाणं मिळेना, तेव्हा ती थांबली. थोडा वेळ जाऊ दिला आणि घंटेबरोबर पुन्हा सुटली. म्हणजे जुनी खूण पुसली गेलीच नव्हती. भीतीचंही तसंच. ‘कुत्रा म्हणजे चावा’ ही आठवण राहते, तिच्या शेजारी ‘हा कुत्रा आला आणि काहीच झालं नाही’ अशी दुसरी तयार होते. कपाळामागचा मेंदूचा भाग या दुसऱ्या आठवणीच्या जोरावर अमिग्डलाला, म्हणजे मेंदूतल्या भीतीचा गजर वाजवणाऱ्या भागाला, आवरतो. २१ हा आकडा कुठून आला, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता तो खोलीत कोंडण्याचा सल्ला. माझं डोकं फिरलं ते इथे. दार बंद, पोरगं किंचाळतंय, त्या आवाजाने कुत्राही बिथरलेला. यातून मेंदू काय शिकणार? कुत्रा आला की पळता येत नाही आणि आईसुद्धा दार उघडत नाही, एवढंच. आणि कुत्रा पुन्हा चावला तर? याला उपचार म्हणायचं?

हे काम कसं करतात ते मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्येच लिहून ठेवलंय. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा, सशाला घाबरायचा. तिने ससा पिंजऱ्यात, आधी लांब ठेवला; पीटर आवडीचं खात बसलेला. मग दर वेळी थोडा जवळ. न घाबरणारी मुलंही सोबत खेळायला होती. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडायचा आणि हा बसून राहायचा.

पण मधला प्रसंग महत्त्वाचा. बरीच प्रगती झाली असताना पीटर आजारी पडला, दोनेक महिने खंड पडला. इस्पितळातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सशाची भीती पुन्हा होती तिथे! पोरगं कच्चं होतं म्हणून? ‘भीती परत आली तर तुमचं मन कमजोर’ असं मेसेज म्हणतो, त्याला माझं उत्तर हा पीटर. जोन्सने त्याला दोष दिला नाही, पुन्हा लांबून सुरुवात केली.

आणखी एक. नवी आठवण जागेला चिकटून असते. एका ठिकाणी गेलेली भीती दुसरीकडे डोकं वर काढते, म्हणून सराव वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या कुत्र्यांबरोबर लागतो.

बरं, एक गोष्ट मान्य. भीतीला सामोरं जावंच लागतं, नुसतं टाळत राहिलं तर ती वाढते. तीन तासांच्या एकाच बैठकीत ठरावीक भीतीवर काम करण्याची पद्धतही आहे. पण तिथे तज्ज्ञ सोबत असतो, मुलाला विचारून एकेक पायरी घेतात, दाराला कडी नसते.

आठवण जागी केली की बदलता येते, असंही मेसेजमध्ये आहे. तेही अर्धं खरं. २००० साली उंदरांवर तो प्रयोग झाला, पण थेट अमिग्डलात औषध टोचून. माणसांवर औषधाविना तसं जमल्याचं २०१० मध्ये छापून आलं. पुढे इतरांनी करून पाहिलं, तर अनेकांना तोच परिणाम मिळेना. आणि मेसेज म्हणतो तशी अमिग्डला ‘ग्रंथी’ नाही हो, चेतापेशींचे पुंजके आहेत ते.

ताईने मेसेज पालकांच्या ग्रुपवर आधीच टाकलाय. आता हेही तिथेच टाक म्हटलंय. भाचा सध्या खिडकीतून समोरचा कुत्रा बघतो. काच बंद ठेवायची, ही त्याची अट.