अंगठ्याची किंमत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बोटांचे ठसे, चेहरा अशा शरीराच्या खुणा संमतीशिवाय घेतल्या, तर ज्याच्या त्या खुणा त्याला स्वतः खटला भरून पैसे मागता येतात. त्या कायद्याचं मी लेखात कौतुक केलं, त्यावर तुम्ही सडेतोड लिहिलंत : 'वकिलांची चंगळ, दुकानदारांचं दिवाळं, आणि ज्याचं काहीच बिघडलं नाही त्याला फुकटचे पैसे.' वकिलांबद्दल मी वाद घालत नाही.

'काहीच बिघडलं नाही' हे मात्र पटत नाही. हा कायदा २००८ साली का आला, ते लेखात सांगायचं राहून गेलं. दुकानात बोट टेकवून पैसे भरायची सोय देणारी 'पे बाय टच' कंपनी बुडाली, तेव्हा प्रश्न आला की आता तिच्या टेबल-खुर्च्यांबरोबर लोकांचे ठसेही विकले जाणार का? पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट कुठून बदलणार? म्हणून ठसा घेण्याआधीच लेखी संमती. सिक्स फ्लॅग्स या मनोरंजन उद्यानांच्या कंपनीने आपल्या १४ वर्षांच्या मुलाचा अंगठा परस्पर घेतला, अशी एका आईची तक्रार होती. दाद मागायला नुकसान झालेलं दाखवावं लागत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यात सांगितलं.

आणि संमती म्हणजे केवढं काम? माझी बायको इथल्या एका गोदामात लागली तेव्हा हजेरीच्या यंत्राआधी एक कागद पुढे आला : काय घेतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो, सही करा. कागद वाचण्यापेक्षा चष्मा शोधण्यात तिचा जास्त वेळ गेला.

दिवाळ्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. २०२३ मध्ये व्हाइट कॅसल या बर्गरच्या दुकानांच्या साखळीवरच्या खटल्यात न्यायालयाने दर वेळी बोट टेकवणं हा वेगळा भंग धरला; कंपनीच्या अंदाजाने भरपाईचा आकडा १७०० कोटी डॉलरवर जात होता. हे अतीच झालं. विधिमंडळाने २०२४ मध्ये एका माणसामागे एकच भंग, अशी दुरुस्ती केली. हे मी गाळलं, चूक माझी.

'खटले सरकारनेच भरावेत' म्हणता, तर टेक्सास बघा. तिथला कायदा २००९ चा, त्याखालचा पहिला खटला २०२२ चा. फोटोंमधले चेहरे ओळखल्याबद्दल फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, १४० कोटी डॉलर कबूल केले खरे, पण राज्याला. इलिनॉयमध्ये तशाच दाव्यात फेसबुकने ६५ कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि दावा भरणाऱ्यांच्या हाती माणशी सुमारे ४०० डॉलर आले.

राहता राहिला तुमचा शेवटचा टोला, की गावी रेशनसाठी दर महिन्याला अंगठा लावतात तिथे असल्या कायद्याचा काय उपयोग. इलिनॉयचा कायदाही सरकारी कचेऱ्यांना लागू नाही. तो टोला बसला.