डॉक्टरला पुन्हा पहिलीत बसवतात, इंजिनिअरला फक्त राहिलेले विषय द्यायला लावतात

अमेरिकेत देशभर चालणारं डॉक्टरचं लायसन्स नसतं आणि इंजिनिअरचंही नसतं. प्रत्येक राज्याचं मेडिकल बोर्ड वेगळं, इंजिनिअरिंग बोर्ड वेगळं. टेक्सासच्या लायसन्सवर ओक्लाहोमात पेशंट तपासता येत नाही, की तिथल्या ड्रॉइंगवर शिक्का मारता येत नाही. पण परदेशात शिकून आलेल्या माणसाला ही दोन बोर्डं अगदी वेगवेगळ्या नजरेने बघतात. त्यातली एक नजर मला रास्त वाटते, दुसरी नाही.

आधी इंजिनिअर. त्याच्या लायसन्सला पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) म्हणतात. परदेशी डिग्री बहुतेक वेळा एनसीईईएस ही संस्था तपासते आणि तिचं माप ठरलेलं आहे: उच्च गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून ३२ सेमिस्टर क्रेडिट, अभियांत्रिकी विज्ञान आणि डिझाइनचे ४८. कमी भरलं तर नेमकं कशात आणि किती, ते अहवालात लिहून येतं. गणित-विज्ञान कमी पडलं तर बऱ्याच राज्यांत तेवढे कोर्स तिथल्या कॉलेजात करून भरपाई होते. एमएस केलं असेल तर त्यातले इंजिनिअरिंगचे विषयही धरतात. मग मूलभूत विषयांची ११० प्रश्नांची एफई परीक्षा, त्यानंतर पीईची परीक्षा, आणि साधारण ४ वर्षांचा अनुभव. परीक्षा मात्र सगळ्यांना तीच, मग शिक्षण पुण्यात झालेलं असो की ओहायोत.

आपली मुलं अडकतात ती ठरावीक जागी. प्रोग्रॅमिंगचा पेपर गणितात धरत नाहीत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांच्या डिग्रीच्या ट्रान्सक्रिप्टवर पहिल्या वर्षाचं फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित नसतंच, त्यामुळे ३२ चा आकडा तिथेच कमी पडायची शक्यता मोठी. तुम्ही शिकलात त्या वर्षाचा अभ्यासक्रम कॉलेजचा शिक्का घेऊन आधीच जवळ ठेवा. दोनदा सिलॅबस बदलल्यावर तो शोधून देणारा माणूस ऑफिसात सापडत नाही.

दुसरी अडचण अनुभवाची. बरीच बोर्डं पाचेक रेफरन्स मागतात, त्यातले निदान तीन पीई. आपल्याकडे इंजिनिअरला कायद्याने असं सरसकट लायसन्स लागत नसल्यामुळे भारतातल्या साहेबांकडे पीई कुठून असणार? म्हणून तिकडे पहिली नोकरी घेतानाच आपण कोणत्या पीईच्या हाताखाली आहोत हे विचारून घ्यावं. अनुभव लिहितानाही ‘टीमने पुलाचं डिझाइन केलं’ असं लिहिलं की अर्ज परत येतो. कोणत्या गर्डरचा हिशेब तुम्ही केला, कोणता भार धरला, कुठला निर्णय तुमचा होता, तसं लिहावं लागतं. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्व्हेइंग असे आणखी दोन पेपर आहेत, इलिनॉयमध्ये स्ट्रक्चरलचं लायसन्सच वेगळं.

इंजिनिअरिंग बोर्डंही कधीकधी अतिरेक करतात. स्वीडनमध्ये शिकलेल्या मॅट्स यार्लस्ट्रॉम यांनी पिवळ्या सिग्नलच्या वेळेचं गणित मांडून ‘मी इंजिनिअर आहे’ एवढं लिहिलं, म्हणून ऑरेगनच्या बोर्डाने त्यांना ५०० डॉलर दंड केला. अखेर फेडरल कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरीही मूळ पद्धत नीट आहे: काय येतं ते मोजा, राहिलेलं भरून घ्या.

आता डॉक्टर. समजा कोणी एमडी मेडिसिन आहे, दहा-बारा वर्षं आयसीयू सांभाळलेलं आहे. यूएसएमएलई या तिथल्या लायसन्सच्या परीक्षेची स्टेप १, स्टेप २ सीके, इंग्रजीची ओईटी, कॉलेजकडून थेट डिग्रीची पडताळणी, मग परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे, परीक्षा कडकच हवी. कोणत्याही स्टेपला जास्तीत जास्त ४ प्रयत्न, हेही मान्य. पण त्यानंतर काय? रेसिडेन्सीच्या (हॉस्पिटलातल्या पीजी प्रशिक्षणाच्या) जागा वाटणाऱ्या मॅचमध्ये नंबर लागला तर मेडिसिनची ३ वर्षं पहिल्या दिवसापासून. सर्जन असाल तर ५. भारतातल्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीचा एक महिनाही बहुतेक राज्यांत वजा होत नाही. शिवाय लायसन्ससाठी अनेक राज्यांत तिथल्या पदवीधराला रेसिडेन्सीचं १ वर्ष पुरतं, परदेशी पदवीधराला २ किंवा ३ लागतात. परीक्षा तीच आणि वॉर्डही तोच असताना हा फरक कशासाठी? कमी काय आहे हे इथे कोणी मोजतच नाही.

टेनेसीने २०२३ मध्ये कायदा करून ही चौकट पहिल्यांदा मोडली: परदेशात रेसिडेन्सी झालेल्या किंवा गेल्या ५ पैकी ३ वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला मान्यताप्राप्त रेसिडेन्सी चालवणाऱ्या संस्थेत तात्पुरतं लायसन्स, आणि दोन वर्षं नीट काम केल्यावर पूर्ण. २०२४ मध्ये फ्लोरिडाने पुन्हा रेसिडेन्सीची अट काढली, पण परदेशातलं चालू लायसन्स, तिथे झालेलं तत्सम प्रशिक्षण, मागची ४ वर्षं सलग प्रॅक्टिस आणि हातात फ्लोरिडातल्या पूर्णवेळ नोकरीची ऑफर, एवढं सगळं मागितलं. नंतर आणखी राज्यं याच वाटेने निघाली.

या बातम्या आल्या की आपल्या ग्रुपांवर ‘आता रेसिडेन्सी लागत नाही’ असे मेसेज फिरतात. कृपया ते पुढे पाठवू नका. राज्याचं लायसन्स ही पहिली पायरी आहे. हॉस्पिटल तुम्हाला पेशंट हाताळायचे अधिकार देताना बहुतेकदा बोर्ड सर्टिफिकेशन, म्हणजे त्या स्पेशालिटीच्या बोर्डाची परीक्षा पास असल्याचा दाखला, विचारतं आणि बहुतेक स्पेशालिटींची बोर्डं अमेरिकेतल्या रेसिडेन्सीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. रेडिऑलॉजीला एकाच संस्थेत ४ वर्षांचा पर्यायी मार्ग आहे, पण तसे अपवाद थोडे. इन्शुरन्स कंपन्या आणि मालप्रॅक्टिसचा विमा देणारेही तेच विचारतात. एका राज्याच्या लायसन्सवरून दुसऱ्या राज्यांचं लवकर मिळवून देणाऱ्या राज्याराज्यांच्या लायसन्स कॉम्पॅक्टलाही (करारालाही) तिथली रेसिडेन्सी आणि बोर्ड सर्टिफिकेशन लागतं, म्हणजे टेनेसीत मिळालेलं लायसन्स घेऊन तुम्ही टेनेसीतच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर पेशंट बघायचे तर स्टेप ३ आधी पास हवी. त्यात सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. गावातलं छोटं हॉस्पिटल ती कुठून भरणार?

मला सगळ्यात जास्त खटकते ती फ्लोरिडासारख्या राज्यांतली ‘अलीकडची प्रॅक्टिस’ ही अट. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर येऊन लॅबमध्ये किंवा मेडिकल स्क्राइब (डॉक्टरच्या नोंदी टिपणारे) म्हणून पाच-सहा वर्षं काढलेले कितीतरी डॉक्टर तिकडे आधीच आहेत. कायदा खरं तर त्यांना उपयोगी पडायला हवा होता. नेमके तेच या अटीने बाहेर पडतात. इंजिनिअरसारखं करा ना: सहा महिने देखरेखीखाली काम द्या, उणीव लिहून द्या, तेवढी भरून घ्या.

तोवर व्यवहाराचं सांगतो. ताजा एमबीबीएस असाल तर हे नवे कायदे तुमच्यासाठी नाहीत, मॅचचीच तयारी करा. एमडी-एमएस होऊन प्रॅक्टिस चालू असेल तर इथली प्रॅक्टिस न सोडता स्टेप ३ पर्यंतच्या परीक्षा उरका. पीजीचं लॉगबुक विभागप्रमुखांच्या सहीने आजच घ्या, ते निवृत्त झाल्यावर धावपळ होते. नावाकडे लक्ष द्या. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर तिसरंच काहीतरी, असं असेल तर पडताळणी तिथेच थांबते. गॅझेट किंवा विवाह प्रमाणपत्र अर्जाच्या आधी तयार हवं. आणि महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नोंदणी लॅप्स होऊ देऊ नका. पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट भरून ती रिन्यू करावी लागते, आणि फ्लोरिडासारख्या राज्याला चालू लायसन्स दाखवायचं झालं तर तुमच्याकडे तेवढंच असतं.