भावी नगरसेवकांनो, उद्यान असं करावं

प्रभागात उद्यान करायचं मनात आहे ना? मग आधी झाडं डोक्यातून काढून टाका. झाडाची फीत कापता येत नाही आणि त्याची सावली पडेपर्यंत तुमची पाच वर्षं संपलेली असतात.

सुरुवात कमानीपासून करा. वर घरातल्या एखाद्या कै. आजोबांचं नाव, खाली 'यांच्या संकल्पनेतून' आणि पुढे तुमचं. संकल्पना कसली, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. मग पेव्हर ब्लॉक. मातीत चिखल होतो, गवत उगवतं, गांडुळं निघतात. ब्लॉक कसे, बसवता येतात, उखडता येतात, परत बसवता येतात. पुण्यात असाल तर अंदाजपत्रकातली 'स' यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी, तोंडपाठ करा. तिथले पैसे संपले तर वर्गीकरण आहेच. ड्रेनेजचा निधी कारंज्याकडे वळवला म्हणून बिघडलं कुठे? दोन्हीकडे पाणीच.

कारंजं मात्र संगीताचंच हवं. ते उद्घाटनाच्या संध्याकाळी चालतं. पुढे त्यात डास होतात, म्हणजे फवारणीचं वेगळं काम निघतं.

माळ्याच्या भानगडीत पडू नका. भांडवली खर्चात फायबरचा जिराफ बसतो, माळी बसत नाही. त्याला दर महिन्याला पगार लागतो आणि त्याच्या शेजारी उभं राहून कोणी सेल्फी काढत नाही. आमच्या घराजवळच्या बागेत असा एक जिराफ आहे. त्याचा एक कान गेलाय. झोपाळ्याची फळीही गेली, नुसत्या साखळ्या लोंबतात. पोरं त्या एकमेकींवर आपटून देवळातली घंटा वाजवल्यासारखी वाजवतात. ओपन जिमच्या चालायच्या यंत्रावर वॉचमनचा टॉवेल वाळतो. यंत्रावर व्यायाम कसा करायचा ते पुसट झालंय, निधी कोणाचा ते अजून ठळक आहे. रंग चांगला वापरला, हे मानायला हवं.

केंद्राकडे फार बघू नका. शहरांसाठीच्या २०१५च्या 'अमृत' योजनेत बागा आणि हिरव्या जागांच्या वाट्याला निधीतले जास्तीत जास्त अडीच टक्के होते. अडीच टक्क्यांत कमान कशी व्हायची?

आणि जागाच ताब्यात नसेल तर? मग तुम्ही खरे नशीबवान. सगळ्यात स्वस्त उद्यान नकाशावरचं. विकास आराखड्यात उद्यानाच्या आरक्षणाचा हिरवा रंग भरून ठेवा आणि १९६६च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ उशाशी घेऊन झोपा. १० वर्षं भूसंपादन झालं नाही की जागामालक खरेदीची नोटीस देतो. त्यावर महापालिकेने आणखी २४ महिने हालचाल केली नाही, की आरक्षण 'व्यपगत' होतं, म्हणजे आपोआप संपतं. हा शब्द फार गुणाचा. मतदाराला त्याचा अर्थ कळेपर्यंत पाया खोदून होतो. पुढे तिथे टॉवर उभा राहिला की नावात 'ग्रीन' असतंच.

एखादा आगाऊ माणूस सभेत उठून सांगेल, की केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा ठेवा म्हणतात आणि मुंबईत जेमतेम सव्वा चौरस मीटर येते. म्हणजे एक सतरंजी, तीही घडी घातलेली. घाबरू नका. 'गवतावर बसू नये' अशी पाटी लावून टाका, तेवढीही लागत नाही.