हेड किती, स्टेज किती, हे आधी सांगा

सेल्सवाल्यांच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: ‘वैशिष्ट्यं सांगत बसू नका, फायद्यापासून सुरुवात करा. गिऱ्हाइकाला ड्रिल मशीन नको असतं, भिंतीत भोक हवं असतं. स्टीव्ह जॉब्सनी 5 जीबी म्हटलं नाही, 1000 गाणी खिशात म्हटलं. हे संशोधनानं सिद्ध झालंय. माणूस भावनेनं विकत घेतो. तांत्रिक माहिती कुणाला कळत नाही.’

नव्या पोरांकडून ट्रेनिंगमध्ये हेच घोकून घेतलं जातं. मग ती गावोगाव जाऊन ‘तुमचं शिवार हिरवंगार होईल’ म्हणत फिरतात आणि समोरच्यानं पहिला नेमका प्रश्न विचारला की गप्प होतात. मी पाण्याच्या पंपांच्या धंद्यात आहे, हे रोज बघतो. हा सल्ला अर्धवट आहे, आणि पूर्ण म्हणून वाटला जात असल्यानं त्याचं नुकसानही मोठं आहे. म्हणून त्यातला एकेक दावा घेतो.

ड्रिलपासून सुरू करू. हार्वर्डचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांच्या नावानं हे वाक्य प्रसिद्ध आहे: लोकांना पाव इंचाचं ड्रिल नको असतं, पाव इंचाचं भोक हवं असतं. लेव्हिट यांचा रोख कंपन्यांकडे होता. आपण नक्की कोणत्या धंद्यात आहोत, हे मालकांनी वस्तूच्या पलीकडे जाऊन ओळखावं, असं त्यांचं म्हणणं. काउंटरवरच्या माणसानं काय बोलावं याचा तो नियम नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात उभं राहा म्हणजे फरक कळेल. भोक पाडायचंय हे गिऱ्हाइकाला घरूनच माहीत असतं, ते सांगायला दुकानदार लागत नाही. भोक कशात पाडायचं, हा खरा प्रश्न. प्लायवूडमध्ये साधं ड्रिल चालतं. विटांच्या भिंतीला मेसनरी बिट लागतो. आरसीसीच्या बीममध्ये हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोके मारायची सोय, नसलेलं मशीन लावलं तर बिट लाल होतो आणि भोक अर्ध्यावर राहतं. म्हणजे भोक मिळणार की नाही, हे मशीनला हॅमर आहे का यावर ठरतं. ते वैशिष्ट्य आहे. आणि त्या प्रसिद्ध वाक्यातलं ‘पाव इंच’ हेही मापच आहे.

आता आयपॉड. हे उदाहरण इतक्या वेळा सांगितलं जातं की मूळ गोष्ट कुणी बघत नाही. 23 ऑक्टोबर 2001 रोजी जॉब्स यांच्या अ‍ॅपल कंपनीनं पहिला आयपॉड, म्हणजे गाणी साठवून ऐकायचं छोटं यंत्र, आणला. ‘1000 गाणी तुमच्या खिशात’ हे वाक्य तेव्हाचंच, त्यात वाद नाही. पण त्या सादरीकरणात जॉब्स आणखी काय बोलले? बाजारात कोणते पर्याय आहेत, कशात किती गाणी मावतात आणि एका गाण्यामागे किती पैसे पडतात, याची तुलना त्यांनी मांडली. आतली डिस्क 1.8 इंचांची आहे हे सांगितलं. फायरवायर जोडणीमुळे एक अख्खी सीडी सुमारे 10 सेकंदांत उतरते आणि यूएसबीनं त्याच कामाला कितीतरी मिनिटं लागतात, हे सांगितलं. बॅटरी 10 तास चालते, धक्के बसले तरी 20 मिनिटं गाणं अडखळत नाही, वजन साडेसहा औंस, म्हणजे 185 ग्रॅमच्या आसपास, हेही सांगितलं. त्या दिवशीच्या प्रसिद्धिपत्रकात 5 जीबीही आहे. वैशिष्ट्यं लपवून विकलेली ही वस्तू नव्हे.

1000 हा आकडा तरी कुठून आला? 160 किलोबिट दरानं साठवलेलं 4 मिनिटांचं गाणं साधारण 4.8 एमबी भरतं. 5 जीबीला त्यानं भागा, हजाराच्या थोडं वर उत्तर येतं. म्हणजे ते घोषवाक्य 5 जीबीचंच, फक्त गाण्यांत मोजलेलं. मोजून सांगितलं म्हणून ते पटलं. ‘संगीताचा आनंद कुठेही घ्या’ असं म्हटलं असतं तर आज कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. आयपॉडच्या आदल्याच वर्षी, 2000 साली, क्रिएटिव्ह कंपनीचा नोमॅड ज्यूकबॉक्स बाजारात आला होता. त्यात 6 जीबीची डिस्क होती, म्हणजे गाणी आयपॉडपेक्षाही जास्त मावत होती. हजारांवर गाण्यांचा फायदा त्यांच्याकडे आधीपासून होता. पण ते यंत्र सीडी प्लेयरएवढं मोठं, आतली डिस्क अडीच इंची, आणि गाणी भरायची ती जुन्या, संथ यूएसबीवरून. त्यांना ‘1000 गाणी’ म्हणता आलं असतं, ‘खिशात’ म्हणता आलं नसतं. तो एक शब्द 1.8 इंचांच्या डिस्कमुळे शक्य झाला. त्या मेसेजनं नेमकी तीच डिस्क गोष्टीतून काढून टाकली आहे.

संशोधनाचं म्हणाल तर विक्रीच्या भेटींचा फार मोठा अभ्यास नील रॅकहॅम आणि त्यांच्या हथवेट या संस्थेनं केला. बारा वर्षं, 35,000 भेटी, निष्कर्ष 1988 साली प्रसिद्ध. त्यातला एक भाग मेसेजवाल्यांच्या बाजूचा आहे आणि तो मान्य करायला हवा: नुसती वैशिष्ट्यांची यादी वाचल्यानं फारसं काही होत नाही, उलट मोठ्या खरेदीत गिऱ्हाईक किमतीकडे जास्त बघू लागतं. पण दुसरा भाग कुणी पुढे पाठवत नाही. ट्रेनिंगमध्ये ज्याला ‘फायदा’ म्हणून शिकवतात, म्हणजे ‘यामुळे तुमचा वेळ वाचेल’ छापाची वाक्यं, ती छोट्या विक्रीत चालतात. मोठ्या विक्रीत मात्र त्यांचा प्रभाव ओसरतो आणि आक्षेप वाढतात. रॅकहॅम खरा फायदा कशाला म्हणतात? गिऱ्हाइकानं स्वतःच्या तोंडानं जी गरज बोलून दाखवली, ती वस्तू कशी भागवते, हे दाखवणं. म्हणजे आधी विचारायचं, ऐकायचं, मग बोलायचं. समोरचा बोलण्याआधी ठोकलेला फायदा त्यांच्या हिशेबात फायदाच नाही. ‘फायद्यापासून सुरुवात करा’ हा नियम या संशोधनातून निघत नाही, उलट त्याला छेद जातो.

भावनेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. आरोग्य विमा कसा विकला जातो ते आठवा. ‘रुग्णालयात एक रुपयाही भरायचा नाही, घरच्यांना काळजी नाही.’ वाक्य थेट काळजाला भिडतं. आता समजा पॉलिसी 5 लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा रोज 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपये आहे. अशी मर्यादा बऱ्याच पॉलिसींत असते. रुग्णालयात खोली मिळाली 8,000 ची. घरच्यांना वाटतं, वरचे 3,000 रोज आपण भरले की झालं. पण अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हे खर्चही सहसा त्याच प्रमाणात कापले जातात, आठातले पाच हिस्सेच मंजूर होतात. हे खर्च 2 लाख झाले तर 75,000 रुपये घरच्यांनी उभे करायचे, तेही डिस्चार्जच्या दिवशी, बिलिंगच्या खिडकीसमोर. ज्या एजंटनं पहिल्याच भेटीत ‘खोलीभाड्याला मर्यादा आहे का, आधीच्या आजाराला वेटिंग पिरियड किती’ हे कागदावर लिहून दिलं, त्यानंच त्या कुटुंबाच्या काळजीचा खरा विचार केला. भावना खोटी नसते. पण तिच्याखाली आकडा नसेल तर ती माणसाला दुबळी करते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती अशीच आली नाही.

उरला ‘तांत्रिक माहिती कुणाला कळत नाही’ हा दावा. हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे. साधा सीलिंग फॅन घ्यायला आलेली माणसंही आता वॉट विचारतात. जुना फॅन 75 वॉटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 28 चा. रोज 12 तास चालला तर महिन्याला 17 युनिटांचा फरक. ‘बिल कमी येईल’ हे शेजारचा दुकानदारही म्हणतो. 28 हा आकडा ज्याच्या खोक्यावर आहे, त्यालाच तो दाखवता येतो.

आणि शेतकऱ्याला तांत्रिक कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी बोअरची मोटर विकून बघावी. जून लागायच्या आत मोटर टाकायचीय म्हणून माणूस तालुक्याला आलेला असतो. ऊस वाळतोय, थ्री फेज दिवसाला जेमतेम 8 तास, त्यातही रात्रीची पाळी. पाण्यानं शिवार हिरवं होतं हे त्याला आपण सांगायचं? त्याला कळायचं असतं ते एवढंच, की ही मोटर त्याच्या बोअरमधून पाणी वर आणेल की नाही. चांगल्या दुकानात बोलणं असं सुरू होतं:

“दादा, बोअर किती?”

“400 फूट.”

“पाणी कितीवर?”

“आत्ता अडीचशेवर गेलंय. पावसाळ्यात दीडशेला असतं.”

“वर कुठं चढवायचंय?”

“माळावर हौद आहे. बोअरपास्नं 40 फूट उंच असंल.”

“पाइप किती इंची? लांबी?”

इथवर दुकानदारानं काहीही विकलेलं नसतं, आणि तरीही निम्मं काम झालेलं असतं. 250 आणि 40 मिळून 290 फूट, म्हणजे 88 मीटर. पाइपमधलं घर्षण धरून 95 ते 100 मीटर हेड, म्हणजे पाणी तेवढं वर ढकलायची ताकद, हवं. मग तो कंपनीचा तक्ता काढतो आणि बोट ठेवून दाखवतो: 5 एचपीच्याच दोन मोटरी, एकीत स्टेज, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्यानं वर ढकलणारे पंखे, कमी, दुसरीत जास्त. स्टेज कमी असलेली पाणी भरपूर फेकते पण एवढ्या खोलीवरून वर आणू शकत नाही. जास्त स्टेजवाली आणते, पण मिनिटाला लिटर कमी देते. “पहिली स्वस्त आहे दादा, पण तुमच्याकडे मे महिन्यात मोटर नुसती फिरंल, हौदात थेंब पडायचा नाही.” या एका वाक्यात वैशिष्ट्य आहे, फायदा आहे, आणि महाग मोटर का घ्यायची याचं कारणही आहे. त्या बोअरची खोली कळल्याशिवाय ते वाक्य उच्चारताच आलं नसतं.

गिऱ्हाईक त्यावर थांबत नाही. वाइंडिंग तांब्याचं आहे का विचारतो. व्होल्टेज 300 च्या खाली आलं तर काय होतं विचारतो, कारण मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याची मोटर त्यातच जळालेली असते. इंपेलर, म्हणजे आतला पाणी ढकलणारा पंखा, कशाचा, कारण बोअरमधून वाळू येते. केबल किती एमएमची टाकायची, कारण 300 फूट केबलमध्ये व्होल्टेज आणखी पडतं. जळाली तर रिवाइंडिंग तालुक्यात होतं की जिल्ह्याला पाठवायचं, आणि तोवर पिकाचं काय. हे सगळे प्रश्न वैशिष्ट्यांचे आहेत आणि प्रत्येकामागं त्याचं पीक उभं आहे. फायद्याचं भाषण पाठ करून आलेला पोरगा इथं तोंडात बोट घालून उभा राहतो, त्याचा दोष नसतानाही. त्याला कुणी तक्ता वाचायला शिकवलेलंच नसतं.

एक गोष्ट मात्र मान्य. जी वस्तू माणसानं पूर्वी कधी पाहिलेलीच नाही, तिथं ती कशासाठी आहे हे पहिल्यांदा सांगावंच लागतं. ठिबक पहिल्यांदा गावात आलं तेव्हा ड्रिपरमधून तासाला किती लिटर पाणी पडतं हे सांगून कुणी ऐकून घेतलं नसतं. तेवढ्याच पाण्यात जास्त रान भिजतं, हे आधी सांगावं लागलं. पण आज त्याच गावात ठिबक घेणारा पहिला प्रश्न 2 लिटरचा ड्रिपर की 4 लिटरचा, हाच विचारतो, आणि दोन ड्रिपरमधलं अंतर किती ठेवायचं हा दुसरा. त्याची जमीन भारी काळी आहे की मुरमाड, हे विचारल्याशिवाय यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.