‘काडतुसांच्या नावाखाली लूट’ : एक स्टारच्या रिव्ह्यूला रेंजचालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या नेमबाजीच्या रेंजवर लेन वेळेवर मिळते, सेफ्टी ऑफिसर नीट बोलतो, एवढं एका ओळीत लिहून पुढचा सगळा राग तुम्ही काडतुसांवर काढला आहे. वर्षभरात .२२ च्या (पॉइंट टू टू, म्हणजे छोट्या रायफलच्या काडतुसांच्या) बॉक्सचा भाव तीनदा वाढवला, माणशी दोनच बॉक्स देतात, बाहेरची काडतुसं आणू देत नाहीत आणि वर आमच्याच रिकाम्या पुंगळ्या विकून कमावतात, असं तुमचं म्हणणं. हेच प्रश्न काउंटरवर रोज येतात. तिथे मागे रांग असते, म्हणून धड बोलता येत नाही. इथे बोलतो.

भाव वाढला, हे खरं आहे. .२२ चं एक काडतूस तळहातावर घेऊन बघा. पितळेची पुंगळी, शिशाची गोळी, आत चिमूटभर बारूद आणि बुडाच्या कडेत भरलेलं प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेटून बारूद पेटवणारं मिश्रण. पुंगळीच्या पितळेत साधारण सत्तर टक्के तांबं असतं, आणि तांबं आज विजेच्या तारांपासून मोटारींपर्यंत सगळ्यांनाच हवं आहे. बारूद बनते नायट्रोसेल्युलोजपासून, आणि त्याचा एक मुख्य कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहिलेले कापसाचे आखूड तंतू. तेच नायट्रोसेल्युलोज तोफगोळ्यांच्या दारूलाही लागतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यापासून सैन्यांची मागणी इतकी वाढली की कारखान्यांपुढे प्रश्नच उरला नाही: आधी सरकारी ऑर्डर, मग तुमचं-आमचं खेळाचं काडतूस. त्यात सप्टेंबर २०२४ पासून चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. शिसं कडक करायला अँटिमनी लागतं आणि बऱ्याच प्रायमरमध्येही त्याचं संयुग असतं. म्हणजे त्या एवढ्याशा वस्तूचा एकही भाग असा नाही, ज्याच्यावर कुठून तरी ताण आलेला नाही.

कच्चा माल उतरला तरी आमच्याकडे भाव लगेच का उतरत नाही, असंही तुम्ही विचारलंय. महाग घेतलेला माल आधी संपावा लागतो, एवढंच त्याचं उत्तर आहे. कोणत्याही दुकानदाराला विचारा.

आता दोन बॉक्सची मर्यादा. २०२० मध्ये महामारी आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी काडतुसांचे कप्पे रिकामे झाले, ते फक्त कारखाने थंडावले म्हणून नव्हे. ज्यांना एरवी वर्षाला एक बॉक्स पुरतो त्यांनीही भीतीपोटी पेट्या उचलल्या. टंचाईच्या बातमीने टंचाई वाढते. मर्यादा काढली तर पहिल्याच दिवशी चार जण सगळा माल नेतील आणि पाचवे तुम्ही असाल. स्पर्धा तोंडावर असलेल्यांना एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले, जास्त बॉक्स राखून देतो. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, तेवढं करा.

बाहेरची काडतुसं ‘आणूच देत नाहीत’ हे मात्र बरोबर नाही. सीलबंद, कारखान्यात भरलेलं, साध्या शिशाच्या गोळीचं .२२ आधी दाखवून आणता येतं. बोर्डावर तसं लिहिलंय. नको असतात त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे पोलादाचा अंश असलेली गोळी. काउंटरवरचा लोहचुंबक त्याचसाठी आहे: टेकवला आणि गोळी चिकटली, तर ती आमच्या बुलेट ट्रॅपची (टार्गेटमागे गोळ्या अडवणाऱ्या सापळ्याची) प्लेट खाणार आणि तिचे तुकडे उलटून येऊ शकणार. दुसरी म्हणजे .२२ सोडून इतर बोअरची, कोणी घरी भरलेली काडतुसं. एखाद्यात बारूद कमी पडली तर ‘धाड’ऐवजी ‘फुस्स’ आवाज येतो आणि गोळी नळीत, म्हणजे बॅरलमध्येच अडकून बसते. जाणता माणूस तिथेच थांबतो. नवखा मात्र पुढचा शॉट मारतो आणि बॅरल फुगते किंवा फाटते. शेजारच्या लेनवर कोणाचा तरी मुलगा उभा असतो. या नियमात सवलत मिळणार नाही, मग स्टार शून्य दिलेत तरी चालेल.

पुंगळ्यांचं म्हणाल तर हो, आम्ही त्या विकतो. .२२ ची पुंगळी निरखून पाहा, कडेला रायफलच्या पिनच्या ठोक्याची चपटी खूण दिसेल. प्रायमर त्या कडेतच असल्यामुळे ती घरी पुन्हा भरण्याच्या कामाची राहत नाही, वजनावर भंगारातच जाते. ट्रॅपमधलं शिसंही तसंच. त्याचे पैसे ट्रॅपच्या साफसफाईत आणि हवा खेचणाऱ्या यंत्राच्या फिल्टरमध्ये जातात. शिशाची धूळ तुमच्या छातीत जाऊ नये म्हणून ते बदलावे लागतात.

तुमच्या रिव्ह्यूतलं खरं दुखणं शेवटच्या ओळीत आहे: ‘पूर्वी एका बैठकीत दोनशे मारायचो, आता शंभरात उठावं लागतं, मग सराव कसला?’ या वाक्याशी मी सहमत नाही.

स्पर्धेत ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या) पात्रता फेरीत गुणांचे ६० शॉट असतात. १० मीटर एअर रायफललाही (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) ६० च. दोनशेतल्या शेवटच्या शंभराचे कागद एकदा बाजूला काढून बघा. ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, पसरलेला असतो, कारण खांदा थकलेला, डोळा कोरडा आणि बोट घाईत. त्या गोळ्यांनी सराव होत नाही, चुकीची सवय तेवढी पक्की होते. आणि ती सवय तुम्ही आजच्या भावाने विकत घेता.

त्यापेक्षा ड्राय फायरिंग, म्हणजे काडतुसाशिवाय चाप ओढण्याचा सराव करा. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका, समोर कोरी भिंत घ्या आणि चाप सुटतो त्या क्षणी फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) कुठे सरकली ते बघा. गोळी सुटली की धक्क्यात आणि आवाजात ही हालचाल झाकली जाते, रिकाम्या रायफलमध्ये लपत नाही. फक्त एक सांभाळा: बऱ्याच .२२ मध्ये पिन रिकाम्या चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खाचेच्या) कडेवर आपटते आणि दोन्हीचं नुकसान होतं. त्यामुळे आधी रायफलचं मॅन्युअल बघा, नाहीतर डमी काडतूस घाला. मोठ्या स्पर्धांचे नेमबाजसुद्धा हा सराव करतात, आपण तर हौशी.

दुसरं, आठवड्यातला एक दिवस एअर रायफलवर या. १० मीटरचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, .२२ ची गोळी अडीच ग्रॅमहून जास्त. म्हणजे शिसं पाचव्या हिश्श्यावर येतं, शिवाय पितळ नाही, बारूद नाही, प्रायमर नाही. आणि तिथला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. सोपं वाटत असेल तर मारून दाखवा.

बॉक्सवर ‘हाय व्हेलॉसिटी’ छापलेलं बघून जास्त पैसे मोजू नका. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मॅचची .२२ काडतुसं मुद्दाम त्याखाली ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. कागदावर नेम धरणाऱ्याला साधं स्टँडर्ड व्हेलॉसिटी पुरतं, बहुतेकदा जास्त चांगलं जातं. महाग लॉट तुमच्या रायफलला मानवेलच असंही नाही. टेकू लावून ५० मीटरवर दहा-दहाचे ग्रुप काढा, कागदावर लॉट नंबर लिहा आणि मग ठरवा. मेक बदलला की पहिले काही शॉट मोजू नका, बॅरलला गोळीवरच्या नव्या ग्रीसची सवय व्हावी लागते. क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या) मारणारे असाल तर २८ ग्रॅम छर्ऱ्यांऐवजी २४ ग्रॅमचं शॉटगनचं काडतूस घ्या, ऑलिंपिकमधल्या ‘ट्रॅप’ या क्लेच्या स्पर्धेलाही तेवढंच चालतं आणि शिसं एक सप्तमांश वाचतं.

बचत म्हणून एक गोष्ट मात्र करू नका, आणि ती मी तुमच्याच लेनवर पाहिली आहे. न फुटलेलं काडतूस काढून, फिरवून पुन्हा चेंबरमध्ये घालायचं नाही. नळी टार्गेटकडेच ठेवा, तीस सेकंद थांबा, मग काढून लाल डब्यात टाका. डब्यात गेलेलं काडतूस आमच्याकडे दाखवलंत तर बदलून देतो. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर आता कळलं.

ड्राय फायरिंगसाठी कामाच्या दिवशी सकाळी लेन अर्ध्या भाड्यात मिळते, काडतुसं घ्यायची सक्ती नाही. डमी काउंटरवर मागून घ्या आणि जाताना परत करा, गेल्या महिन्यात बरीच हरवली आहेत.