फाइटवाला हिरो थ्रिलरमध्ये चालत नाही? तिन्ही दावे चुकीचे

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय: फाइटवाल्या हिरोला अभिनय जमत नाही, फाइट काढली की त्याच्यात काही उरत नाही आणि थ्रिलरसारखे काळे सिनेमे खान्देशात कुणी बघत नाही.

पहिला दावा इतिहासच खोडतो. 1991 साली दोन मोटारसायकलींवर उभा राहून पडद्यावर आलेल्या अजय देवगणला 'जख्म'साठी (1998) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. निशिकांत कामतांच्या 'दृश्यम'मध्ये (2015) तो केबलवाला झाला आणि पोलिसांचा मार खाताना दिसला.

दुसऱ्या दाव्यात थोडं तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकलाय. फाइटचा शॉट एक-दोन सेकंदांचा असतो. कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेमवर (चित्रांवर) चालवला की हालचाल सुमारे नऊ टक्के वेगवान दिसते. ठोसा चेहऱ्याला लागतच नाही, तो बसल्याचं मार खाणारा दाखवतो. थ्रिलरमध्ये 85 एमएम लेन्सवर, म्हणजे चेहरा पडदाभर टिपणाऱ्या लेन्सवर क्लोजअप, तोही कधी कधी बराच वेळ सलग. तिथे ताठ खांदे आणि आवळलेला जबडा लगेच उघडे पडतात. ही सवय आहे आणि ती मोडता येते. अहिराणी शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांनी एवढं करावं: टेकआधी नटाला श्वास पूर्ण सोडायला लावा, खांदे आपसूक उतरतात. हाताला काम द्या, कांदा चिरणं किंवा कुलूप उघडणं. संवाद निम्मे करा. सीन आधी म्युझिकशिवाय एडिट करा. सपाट वाटला तर टेकमध्येच खोट आहे. मार्कवर, म्हणजे ठरलेल्या खुणेवर अचूक थांबणं आणि तीच हालचाल दर टेकला तशीच करणं फाइटवाल्या हिरोला आधीच येतं, ही मोठी जमेची बाजू. हॉलिवूडचा फाइटवाला हिरो सिल्व्हेस्टर स्टॅलोनने 'कॉप लँड'साठी (1997) सुमारे 18 किलो वजन वाढवलं, म्हणजे पीळदार शरीराचा आधारच सोडला.

तिसरा दावा तर अन्यायाचा. यात्रेत रात्रभर खुनाचा, सूडाचा वग बघणारा खान्देशी प्रेक्षक असल्या कथेला कंटाळत नाही. अडचण पडद्यावर असते. प्रोजेक्टरचा पडद्यावरचा उजेड 48 निट्स (उजेड मोजायचं एकक) असावा असं मानक आहे. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा जुना झाला की हा उजेड घटतो. उन्हातली मारामारी तरीही दिसते, रात्रीचा सीन काळाठिक्कर होतो. चेहराच दिसला नाही तर थ्रिलर कळणार कसा? म्हणून रात्रीच्या सीनमध्ये नटाच्या डोळ्यांत चमक येईल असा एक छोटा दिवा ठेवा आणि रंग पक्के करण्याआधी तो सीन स्वस्त मोबाइलवर, अर्ध्या ब्राइटनेसवर, दुपारच्या उजेडात तपासा.