अ‍ॅटिक लिफ्टवरच्या कमेंटला उत्तर: शिडी का नको आणि छत किती पेलतं

काका नमस्कार, तुमची कमेंट काल रात्री वाचली. नुसतं धन्यवाद लिहून सोडून द्यावी अशी ती नव्हती, म्हणून आज वेळ काढून बसलोय, थोडं मोठं होईल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या गॅरेजच्या अ‍ॅटिकमध्ये म्हणजे छपराखालच्या माळ्यावर सामान चढवायला मोटरची लिफ्ट बसवली त्याचे फोटो टाकले होते. काकांनी तीस वर्षं सिव्हिलच्या साइटवर काढलीत, ते लिहितात की आपल्याकडे पिढ्यानपिढ्या माळ्यावर शिडी लावून सामान चढतंय तर मोटर कशाला आणि एवढे पैसे कशाला. लाकडी छताला 200 पाउंड टांगलेत ते छत पेलतं का याबद्दल पोस्टमध्ये एक शब्द नाही. आणि एका फोटोत लिफ्ट वर जाताना खाली मुलगा उभा आहे.

फोटोच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो कारण तिथे माझी सरळ चूक आहे. तो फोटो मी काढून टाकलाय. प्लॅटफॉर्म रिकामा होता, पण ते काही कारण होत नाही, टांगलेल्या वजनाखाली कुणी उभं राहायचं नाही म्हणजे नाही. आता गॅरेजच्या फरशीवर पिवळ्या टेपने चौकोन आखलाय, लिफ्ट हलत असताना त्याच्या आत पाय नाही, आणि चावी फिरवल्याशिवाय बटण चालत नाही, ती चावी माझ्याकडे आणि बायकोकडेच असते. तुम्ही बोललात म्हणून हे झालं, मनापासून आभार.

आता शिडी. काका, आपला माळा म्हणजे मोरीवरचा किंवा स्वयंपाकघरातला, सात फुटांवर, एकजण स्टुलावर उभा राहतो, खालचा डबा देतो, वरचा घेतो, झालं. आम्ही राहतो अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात रालीजवळ, इथे गॅरेजचं छत नऊ-दहा फुटांवर आणि वर जायला छतातून ओढून काढायची घडीची शिडी, अरुंद आणि चांगलीच उभी. आमच्या शिडीवर 250 पाउंडचं लेबल आहे, त्यात माणूस अधिक सामान दोन्ही आलं. पण प्रश्न वजनाचा नाहीये, हातांचा आहे. शिडीवर कायम तीन टेकू हवेत, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, आणि विमानाची 23 किलोची बॅग खांद्यावर घेतली की एक हात तिलाच लागतो, मग पाऊल उचललं की उरतात दोनच टेकू, आणि बॅगेमुळे खालची पायरी दिसत नाही ते वेगळंच.

माझे बाबा तीन वर्षांपूर्वी सहा महिने आमच्याकडे होते, परत जायच्या आदल्या आठवड्यात मी ऑफिसला गेलेलो असताना आपणच बॅगा उतरवून ठेवू म्हणून चढले आणि शेवटून तिसऱ्या पायरीवर पाय सरकला. मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली, तिकिटं पुढे ढकलली. त्यांना आजही त्या हाताने लोटा भरून उचलता येत नाही, डावा हात खाली लावतात. लिफ्टला सगळं मिळून साडेचार हजार डॉलर गेले, मोटर, सुतारकाम, इलेक्ट्रिशियन, इंजिनिअर, पर्मिट धरून. जास्त आहेत हे मला मान्य आहे, पण मी ते परत खर्च करीन.

आता तुमचा खरा मुद्दा, छत. हे मी पोस्टमध्ये लिहायलाच हवं होतं कारण ते वाचून कुणीतरी उद्या मोटर आणून टांगेल. तुम्ही स्लॅबवाले, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. इथल्या बऱ्याच घरांना तुळया नसतात, ट्रस असतात, टू बाय फोर लाकडाचे त्रिकोण (नावाला दोन बाय चार, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच) आणि सांध्यांवर दाते असलेल्या लोखंडी पट्ट्या दाबून बसवलेल्या. दोन ट्रसमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 24 इंच. त्याच्या खालच्या दांडीचं मूळ काम ताणात राहून भिंती बाहेर फाकू न देणं आणि ड्रायवॉल, म्हणजे छताच्या जिप्समच्या पाट्या, धरणं हे आहे. इथल्या घरबांधणीच्या कोडमध्ये सामान न ठेवायच्या अ‍ॅटिकला चौरस फुटाला 10 पाउंड लाइव्ह लोड (सामान-माणसांचं वजन) धरतात, मर्यादित सामानाच्या अ‍ॅटिकला 20. 20 म्हणजे चौरस मीटरला 98 किलोच्या आसपास. आपल्याकडे राहत्या खोलीच्या स्लॅबला तुम्ही 200 धरता ना, त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

म्हणून आधी बिल्डरकडून ट्रसचं ड्रॉइंग मागवलं. त्यावर खालच्या दांडीचा लोड छापलेला असतो. आमचा 20 निघाला, तोही फक्त मधल्या पट्ट्यात, जिथे ट्रसच्या तिरप्या दांड्यांमध्ये उभं सामान मावेल एवढी जागा आहे. कडेला 10 च. आता हिशोब बघा, प्लायवूडची एक चार बाय आठची शीट म्हणजे 32 चौरस फूट, वीसने गुणलं की 640 पाउंड, ऐकायला भरपूर वाटतं. पण एक मोठी बॅग जमिनीवर साधारण चार चौरस फूट जागा घेते, भरलेली 50 पाउंड, म्हणजे चौरस फुटाला साडेबारा. तिच्यावर दुसरी ठेवली की 25. तेवढ्या जागेपुरती मर्यादा तिथेच ओलांडली.

आणि काका, लिफ्टचा खरा धोका मला इथे दिसतो. शिडीने माणूस दमतो, चार खोकी चढवून थांबतो, छत आपोआप वाचतं. लिफ्टने बटण दाबलं की झालं, माणूस दमतच नाही, मग पुस्तकं, टाइल्सचे उरलेले बॉक्स, डंबेल्स सगळं वर जातं आणि चार-पाच वर्षांनी खाली ड्रायवॉलला बाक येतो. मोटर 200 पाउंड उचलते याचा अर्थ एका फेरीत 200, छत किती पेलतं ते मोटरला माहीत नसतं. आम्ही बाथरूमचा वजनकाटा गॅरेजमध्ये आणून ठेवलाय, प्रत्येक खोक्यावर मार्करने वजन लिहितो आणि वर खडूने चौकोन आखलेत, चौकोनात किती पाउंड ते तिथेच लिहिलंय. मराठी मंडळाच्या लेझमांचं खोकं 62 पाउंड भरलं, ते दोन खोक्यांत विभागून वेगवेगळ्या ट्रसवर ठेवलं.

भोकाचं पण सांगतो. दोन ट्रसच्या मध्ये मोकळी जागा साडेबावीस इंच, म्हणून प्लॅटफॉर्म त्याहून अरुंद घेतला आणि लांबी ट्रसच्या दिशेने ठेवली, दोन्ही टोकांना आडवी लाकडं. एकही ट्रस कापला नाही. पहिला जो कॉन्ट्रॅक्टर बघायला आला तो म्हणाला एक दांडी कापू, बाजूने फळी ठोकून देऊ, रुंद प्लॅटफॉर्म बसेल, मी त्याला तिथूनच परत पाठवला. ताणातली दांडी कापून बाजूला फळी ठोकणं काय प्रकार आहे ते तुम्हाला सांगायला नको. मोटर एका ट्रसला टांगलेली नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढून दिलेल्या स्केचप्रमाणे आडवा बीम चार ट्रसवर, सांध्यांजवळ टेकवलाय. त्याचं सहीशिक्क्याचं पत्र पर्मिटला लावलं. पण हे माझ्या घराचं उत्तर आहे, वाचणाऱ्यांनी प्लीज जसंच्या तसं उचलू नका, तुमचा ट्रस वेगळा असेल.

आगीचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत पण तोही लिहितो. गॅरेजमधली आग घरात शिरू नये म्हणून मध्ये ड्रायवॉलचा अखंड पडदा लागतो, आणि काही घरांत गॅरेजचं छत हाच तो पडदा असतो, तिथे भोक पाडलं म्हणजे पडदाच फाडला. आमच्याकडे मधली भिंत ड्रायवॉलसकट वर छपराच्या फळ्यांपर्यंत गेलीय म्हणून जमलं, इन्स्पेक्टरने आधी तेच चढून बघितलं. शिवाय वर भोकाला तीन बाजूंनी कठडा केलाय, कारण प्लॅटफॉर्म खाली असताना वर काम करणारा मागे सरकत त्यातून पडू शकतो. वर जाणारा शिडीनेच जातो, रिकाम्या हातांनी.

राहिलं ते तुमचं शेवटचं वाक्य, "सामान कमी करा". केलंय काका, दोन खेपा डोनेशनला गेल्या. उरलंय त्यात सहा रिकाम्या बॅगा, रजया, गणपतीचं मखर, आणि निम्मं मंडळाचं, पडदे, लेझीम, समया. मेणबत्त्या, फोटोंचे अल्बम आणि ढोल वर ठेवत नाही, ऑगस्टमध्ये वर थर्मामीटर ठेवला होता तो 126 फॅरनहाइट दाखवत होता, म्हणजे 52 सेल्सिअस. ढोल बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात असतात.

ट्रसचं ड्रॉइंग आणि इंजिनिअरचं स्केच, घराचा पत्ता झाकून, आज रात्री मूळ पोस्टमध्ये टाकतोय. तुम्ही एकदा नजर टाका, विशेषतः बीमच्या टेकूंवर. बाबा एप्रिलमध्ये परत येतायत, त्याआधी वायररोप काढून पूर्ण लांबी तपासायचीय, एखादी तार तुटलेली किंवा दोर कुठे चेपलेला दिसला तर बदलणार, त्यात आणखी काय बघायचं असतं तेही लिहा.